अलकापुरी, बेगमपुरा आणि मध्ये नागपूर

माझी मावसबहीण लग्नानंतर चंदीगडला गेली आणि तिथल्याच शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब अशा आखीव सेक्टरांमध्ये सगळा संसार झाल्यामुळे माहेरच्या नागपूरबद्दल तिची एकच जुनी तक्रार असते, ती म्हणजे या शहराला आराखडा नाही. यंदाच्या आषाढात ताई आली, तेव्हा मी तिला नेहमीच्या फुटाळा-अंबाझरीच्या फेरीऐवजी वेगळीच सहल सुचवली. माणसांनी आधी मनात वसवलेली आणि मग कधी काव्यात, कधी ठरावात, कधी कुडाच्या भिंतींत उतरवलेली अनेक नगरे नागपूरपासून तास-दोन तासांच्या अंतरात सापडतात. ती ओळीने पाहावीत, असा बेत ठरला. ताईने होकार देताना एक अट घातली. ‘‘प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न विचारणार, की इथली भांडी कोण घासतं?’’ चंदीगडच्या आराखड्यात शहर बांधणाऱ्या मजुरांसाठी घरे नव्हती आणि ते कडेच्या वसाहतींत राहिले, हे तिने वर्गात अनेकदा शिकवले होते. तो प्रश्न तिथून आलेला होता.

पहिला दिवस : झिरो माइल आणि महाल

सकाळी तर्री पोहे खाऊन निघालो. गाडीवाला पोह्यांच्या ढिगात पळीच्या पाठीने खळगा करतो आणि मगच त्यात चण्याची लालभडक तर्री ओततो, म्हणजे तेल कडेला न पळता पोह्यांत मुरते. ताईने पहिल्या घासाला डोळे पुसले आणि दुसरी प्लेट मागितली. (बाहेरून येणाऱ्यांनी ‘तर्री कमी’ असे आधीच सांगावे. नंतर सांगून उपयोग होत नाही.)

झिरो माइलचा वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे हे भारताच्या मध्यबिंदूचे चिन्ह आहे, असे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. खांबाशेजारच्या दगडावर ‘जीटीएस’ ही अक्षरे आणि १९०७ हे साल आहे; तो मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा दगड आहे. आजच्या भारताचा भौगोलिक मध्य मध्य प्रदेशातल्या करौंदी गावाजवळ मानला जातो, हे ताईने तिथल्या तिथे सांगून टाकले. मला मात्र त्यामुळे खांब अधिकच आवडला. मध्यभागी असण्याची कल्पना नागपूरला इतकी प्रिय आहे, की दगडाने तसा दावा न करताही शहराने तो त्याच्यावर चढवला. कल्पनेतल्या नगरांचे आराखडेही बहुधा मध्यापासूनच सुरू होतात. एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज नगरचिंतकाने १८९८ मध्ये बत्तीस हजार लोकांच्या उद्याननगरीचे जे वर्तुळ कागदावर काढले, त्याच्या मध्याशी बाग होती, बागेभोवती सार्वजनिक इमारती होत्या, आणि सगळ्याच्या बाहेर शेतीचा पट्टा होता. त्यातून इंग्लंडमध्ये १९०३ साली लेचवर्थ उभे राहिले, हा झाला दैवाचा भाग. बहुतेक वर्तुळे कागदावरच राहतात.

दुपारी महालात गेलो. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास लहान लहान वस्त्या एकत्र करून हे शहर वसवले आणि पुढे भोसल्यांनी त्याला राजधानीचा थाट दिला. वस्त्या एकमेकींना जोडल्याच्या खुणा गल्ल्यांच्या वळणांत अजून दिसतात. ताईला त्या वळणांचा त्रास होत होता, म्हणून मी तिला पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराची गोष्ट सांगितली. १९१४ पासून पुढची काही वर्षे हा गृहस्थ भारतभर शहरे पायी हिंडत होता आणि नगरपालिकांना अहवाल लिहून देत होता. नागपूरलाही त्याने अहवाल दिला. जुन्या वस्त्यांतून सरळसोट रस्ते काढण्यासाठी घरे पाडण्याच्या तो विरोधात होता. अगदी मोडकळीला आले तेवढे काढावे, मोकळ्या जागा साफ कराव्यात, झाडे लावावीत आणि बाकी गल्ली राहू द्यावी, असे त्याचे म्हणणे असे. प्लेगच्या काळात इंदूरला त्याने दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्गच बदलायला लावला होता, आणि जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ असेल त्यातून मिरवणूक जाईल असे जाहीर केल्यावर लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या. ताई हसली आणि म्हणाली, ‘‘हा माणूस माझ्या प्रश्नाच्या जवळपास आहे.’’

संध्याकाळी पाऊस लागला आणि घरी वडाभात झाला. तो कसा करतात हे इथे लिहीत नाही. वैदर्भीय घरांत त्यावरून वाद होतात.

दुसरा दिवस : रामटेक आणि मनसर

रामटेक नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवर आहे. गाडीने थेट गडाच्या दारापर्यंत जाता येते. पण गुडघे साथ देत असतील तर अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्या चढाव्यात आणि हातात खाण्याची पिशवी धरू नये, कारण वानरे ती मागत नाहीत, घेऊनच जातात. पावसाळ्यात दगड शेवाळलेले असतात, म्हणून चांगल्या पकडीची पादत्राणे हवीत.

आम्ही वर पोचलो तेव्हा ढग खरोखरच टेकडीच्या कड्याला टेकले होते. ‘मेघदूत’ वाचलेल्या माणसाची अशा वेळी जी अवस्था होते ती आमची झाली. कालिदासाची रामगिरी, म्हणजे जिथून हद्दपार यक्ष मेघाकडे निरोप देतो ती टेकडी, हेच रामटेक, असे नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी मांडले. गडावरच्या केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह या वाकाटककालीन मंदिरांमुळे, तसेच गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या काळाशी असलेल्या या टेकडीच्या नात्यामुळे ते म्हणणे पटते. कालिदास स्मारकाच्या ओट्यावर उभे राहून आम्ही काव्याच्या दुसऱ्या भागातल्या, उत्तरमेघातल्या, कुबेरनगरी अलकेचे श्लोक आठवू लागलो.

अलका हे मला माहीत असलेल्या कल्पनेतल्या नगरांपैकी सर्वांत देखणे आणि सर्वांत बेफिकीर नगर आहे. तिथल्या प्रासादांची शिखरे ढगांना शिवतात, जमिनी रत्नांच्या आहेत, संध्याकाळी नेहमी चांदणे असते, डोळ्यांत पाणी आले तर ते आनंदानेच येते आणि तारुण्याखेरीज दुसरे वय नाही. वस्त्रे, मद्य, फुले, दागिने, पायाला लावायचा अळता हे सगळे एकटा कल्पवृक्ष पुरवतो. ‘‘म्हणजे भांडी घासायची वेळच येत नाही,’’ ताई म्हणाली. मला वाटते, प्रश्न तिथेच संपत नाही. त्या नगरात काम करणारा एक तरी माणूस होता आणि तो म्हणजे स्वतः यक्ष. तो कुबेराचा नोकर होता, कामात कसूर झाली म्हणून मालकाने त्याला वर्षभरासाठी हाकलले, आणि त्यामुळेच तो या टेकडीवर येऊन पडला. दुःख नसलेल्या नगराचे वर्णन आपल्याला मिळते ते तिथून काढून टाकलेल्या चाकराच्या तोंडून, ही गोष्ट मला आजवर कधी इतकी स्पष्ट दिसली नव्हती.

त्याच काव्यात खरे शहरही आहे. मेघाला वाट वाकडी करून ज्या उज्जयिनीला जायला सांगितले आहे, तिला कवीने स्वर्गाचा एक तेजस्वी तुकडा म्हटले खरे. पण तिच्या राजरस्त्यावर रात्री सुईने भोसकावा इतका दाट अंधार आहे आणि प्रियकराकडे निघालेल्या बायकांना वाट दाखवायला मेघाने हलकीशी वीज चमकवावी, गडगडू नये, कारण त्या घाबरतात, अशी विनंती आहे. अलकेत कायमचे चांदणे, उज्जयिनीत अंधार आणि भीती. राहायला कुठले निवडशील, असे मी ताईला विचारले. ती म्हणाली, ‘‘सेक्टर बावीस. दिवे लागतात.’’

खाली उतरताना एका पानवाल्या आजींकडे थांबलो. रामटेकचे कपुरी पान एके काळी फार नावाजलेले होते. आजींनी ओल्या फडक्यातून एकेक पान काढून, देठ खुडून, मागची शीर नखाने सोलून दाखवली आणि म्हणाल्या, ‘‘पयले इथं पानाचे मळेच मळे होते बापा. आता कोन करते एवढी मेहनत? पानवेलीले लेकरावानी जपा लागते.’’ कालिदासाबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘थे वरतं राहाते. आमी खालतं.’’

मनसर तिथून जवळ आहे. हिडिंबा टेकडीवरच्या उत्खननात विटांच्या तारकाकृती रचनेचे अवशेष मिळाले आहेत आणि वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे अनेक अभ्यासक आता मानतात. मिराशींनी मात्र तिची जागा वर्ध्याजवळच्या पवनारला ठरवली होती. खरोखर नांदलेल्या राजधानीचाही पत्ता दीड हजार वर्षांनी असा विचारत फिरावे लागते. पावसात विटांवर हिरवे साचले होते, रखवालदाराखेरीज कुणी नव्हते, आणि आम्ही फार वेळ थांबलो नाही.

तिसरा दिवस : सेवाग्राम आणि पवनार

सेवाग्राम वर्ध्याहून आठ किलोमीटरवर आहे. गांधीजी १९३६ मध्ये इथे आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागल्यावर १९४० मध्ये ते बदलले. आदि निवास पाहिले, मग बापू कुटी. माती, बांबू, कवेलू एवढ्यावर उभ्या असलेल्या या घरांपुढे ताई बराच वेळ काही बोलली नाही. कुटीत व्हाइसरॉय लिनलिथगोने संपर्कासाठी बसवून दिलेला टेलिफोन आहे, आणि साप पकडून दूर नेऊन सोडण्यासाठीचा चिमटा व पिंजराही आहे. हे दोन्ही एकाच आवारात जपलेले पाहून मला या नगराचा आराखडा कळल्यासारखा वाटला. साम्राज्याशी बोलणे चालू ठेवायचे आणि सापालाही मारायचे नाही.

याला नगर म्हणावे का, हा प्रश्न रास्त आहे. पण ५ ऑक्टोबर १९४५ रोजी नेहरूंना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनीच सांगितले होते, की आजच्या खेड्यांकडे पाहाल तर माझे म्हणणे तुम्हाला समजणार नाही, माझे आदर्श खेडे अजून माझ्या कल्पनेतच आहे. चारच दिवसांनी नेहरूंनी उत्तर दिले, की खेडे हे सामान्यतः बुद्धीने आणि संस्कृतीने मागासलेले असते. म्हणजे वाद दोन गावांचा नव्हता. दोन कल्पनांचा होता. पुढे नेहरूंच्या कल्पनेला वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए भेटला आणि ताईचे चंदीगड झाले. पहिल्या टप्प्यात दीड लाख आणि पुढे पाच लाख वस्तीसाठी आखलेल्या त्या शहरात २०११ च्या जनगणनेत साडेदहा लाख माणसे होती. आणि गंमत अशी, की तिथे येणारा पाहुणा आधी विचारतो तो रॉक गार्डन हा नेक चंद या रस्ते निरीक्षकाने १९५७ पासून सरकारी जमिनीवर, कुणाला कळू न देता, फुटक्या बांगड्या आणि टाकाऊ चिनीमातीतून उभा केला होता. आराखड्यात नसलेली ती जागा ताईलाही सर्वांत प्रिय आहे. आढेवेढे घेऊन तिने ते कबूल केले.

जेवण आश्रमाजवळच घेतले. ज्वारीची भाकरी, पातळ वरण, एक पालेभाजी, ताक. तिखट जवळजवळ नाही, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या तर्रीची आठवण तीव्रतेने झाली. जेवण झाल्यावर ज्याने त्याने आपली ताटवाटी उचलून नळाकडे जायचे होते. ताई ताट घासत म्हणाली, ‘‘मिळालं बरं का उत्तर.’’ मला तिथे थॉमस मोरच्या १५१६ मधल्या ‘यूटोपिया’ या पुस्तकातले कल्पित बेट आठवले. त्याची चौपन्न शहरे सारखी आहेत, घरांना कुलपे नाहीत, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलतात, सगळे एका दालनात जेवतात. पण त्या दालनातली घाणेरडी आणि जड कामे गुलाम करतात. मोरने हे लपवलेले नाही, आणि त्याला त्यात काही खटकल्याचेही दिसत नाही. सेवाग्रामात संडास सफाई आश्रमवासीयांच्या दिनक्रमात होती. चारशे वर्षांच्या अंतराने या एका बाबतीत वर्ध्याच्या मातीतले हे खेडे त्या बेटाच्या पुढे गेले होते, असे मी ताईला म्हटले. ती म्हणाली, ‘‘थांब, उद्या काय निघतं ते बघू.’’

सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणालाही बसता येते. वर्ध्यातून गोरसपाक, म्हणजे तिथले तुपातले बिस्किट, घ्यायला विसरू नये; डबा घट्ट लावला तर टिकतो, पण आमच्याकडे तो टिकला नाही.

परतीच्या वाटेवर पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम आहे. १९५९ मध्ये त्यांनी इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले, ते स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी. शेती, स्वयंपाक, छपाई, झाडलोट ही कामे भगिनी आपसांत वाटून करत आल्या आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घेत आल्या. जमीन खणताना निघालेली शिल्पे भिंतींत बसवली आहेत, त्यांत राम आणि भरताच्या भेटीचे शिल्प फार सुंदर आहे. वाकाटकांची राजधानी इथे होती की मनसरला, याच्याशी तिथल्या वयोवृद्ध भगिनींना फारसे कर्तव्य नव्हते. आम्ही गेलो तेव्हा त्या अंगणात शेंगा फोडत होत्या. बोलता बोलता त्यांनी आमच्यापुढेही एक सूप सरकवले. मी विचारले, एकीचे जरी मत वेगळे पडले तर काय करता? त्या म्हणाल्या, ‘‘थांबतो. घाई कोणाला आहे?’’ नदीला पाणी चढले होते आणि पुलावर गर्दी होती, म्हणून आम्हाला निघावे लागले.

चौथा दिवस : खापरी आणि दीक्षाभूमी

सकाळी मेट्रोने खापरीपर्यंत गेलो. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी तीन मजली वाहतूक आहे, आणि खिडकीतून मिहान या विमानतळाजवळच्या नियोजित औद्योगिक प्रकल्पाचे रुंद, सरळ, मोकळे रस्ते दिसतात. शिवणगाव, खापरी ही नावे आता स्थानकांच्या आणि प्रकल्पाच्या कागदांत जास्त ऐकू येतात. त्या गावांच्या जमिनीवर हे उद्याचे शहर आखले गेले. काचेच्या इमारतींच्या मधल्या गवतात गाई चरत होत्या. ताईला हा भाग फार आवडला. मला त्यावर सांगण्यासारखे आणखी काही सापडले नाही.

दुपारनंतर दीक्षाभूमीवर गेलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. सांचीच्या धर्तीवरचा आजचा स्तूप वास्तुरचनाकार शिवदान मल यांचा असून त्याचे उद्घाटन २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. आत शिरल्यावर स्तूप पोकळ आहे हे लक्षात येते. बोललेला शब्द घुमटाला लागून परत येतो, त्यामुळे लहान मुलेसुद्धा आपोआप हळू बोलतात.

सेवाग्राम पाहून इथे येण्याचा क्रम मी मुद्दाम ठेवला होता. जुलै १९४२ चा एक आठवडा डोळ्यांसमोर आणावा. १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी निघून जावे हा ठराव केला. १८ आणि १९ जुलैला, पाऊणशे किलोमीटरवर, नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि तिने ठराव केला, की अस्पृश्यांसाठी सरकारी पडीक जमिनीवर स्वतंत्र वसाहती वसवाव्यात. गावातच राहून गाव सुधारावे ही एक कल्पना, आणि ज्या गावात माझी जागा वेशीबाहेर ठरलेली आहे ते गाव सोडून नवे वसवावे ही दुसरी. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे डबके आणि अज्ञानाची गुहा या अर्थाचे शब्द वापरले, त्यामागे हा अनुभव होता. आश्रमात संडास साफ करणे हे व्रत असते. गावकुसाबाहेर ते जन्माने लादलेले काम असते. आदल्या दिवशी ताट घासताना मी जे ऐटीत बोललो होतो त्याला ही बाजू आहे, आणि ती या आवारातून जास्त नीट दिसते.

स्तूपाजवळच्या पुस्तकांच्या दुकानात संत रविदासांच्या पदांची एक पुस्तिका मिळाली. त्यांचे बेगमपुरा हे नगर माझ्या मते अलकेला दिलेले खरे उत्तर आहे. तिथे दुःख नाही, चिंता नाही, मालावर कर नाही, कुणी दुय्यम किंवा तिय्यम नाही, आणि माणूस मनाला येईल तिकडे हिंडू शकतो, कुणी अडवत नाही. या यादीत रत्नांच्या जमिनी नाहीत आणि कल्पवृक्षही नाही. ‘दोम न सेम, एक सो आही’ हे लिहिणारा माणूस चामड्याचे काम करून पोट भरत होता आणि पदाच्या शेवटी स्वतःची जात नावासकट सांगत होता. रस्त्यावरून मनमोकळे चालता येणे हे ज्याला नगराचे मोठे सुख वाटते, त्याला कोणत्या रस्त्यांवर अडवले गेले असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ज्यांना ही जागा भरलेली पाहायची असेल त्यांनी दसऱ्याला यावे. निवासाची सोय महिनाभर आधी करावी, स्थानकावरून पायी यायची तयारी ठेवावी, आणि पुस्तकांसाठी रिकामी पिशवी आणावी, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकाने लागतात. दुकानात बसलेला तरुण दर वर्षी त्या दिवसांत स्वयंसेवक असतो. तो सांगत होता, ‘‘शाळा, मंगल कार्यालयं, फुटपाथ, सगळं भरून जाते. नांदेडचे, परभणीचे, यूपीचे लोक येते. कोन कोठचा हे कोनी इचारत नाही. जेवले का, एवढंच इचारते.’’

ताईने आपला प्रश्न शेवटी काढलाच. एवढी लाखो माणसे जेवतात आणि जातात, तर मागचे सगळे उचलतो कोण?

‘‘आमी पोट्टे उचलतो ना ताई, दोन दिवस,’’ तो पुस्तकाला कागद गुंडाळत म्हणाला. ‘‘बाकीचं महापालिकेचे सफाईवाले करते. थे बी बहुतेक आमच्यातलेच.’’